कॉकपिटमध्ये काटा खरा की पडदा?

१ जानेवारी १९७८ च्या रात्री एअर इंडियाचे ‘सम्राट अशोक’ हे जम्बो विमान सांताक्रूझहून दुबईकडे झेपावले आणि दोन मिनिटांच्या आतच वांद्र्याच्या किनाऱ्यासमोर समुद्रात कोसळले. विमानातील २१३ जणांपैकी एकही वाचला नाही. घातपाताचा संशय प्रथम व्यक्त झाला. परंतु समुद्रातून काढलेल्या अवशेषांत स्फोटाचा पुरावा मिळाला नाही. चौकशीअंती बोट रोखले गेले ते मुख्य वैमानिकासमोरच्या एका तबकडीकडे आणि तिच्यावर त्याने ठेवलेल्या विश्वासाकडे.

किनारा ओलांडल्यावर विमानाने ठरल्याप्रमाणे उजवीकडे वळण घेतले आणि ते पुन्हा समतल झाले. वैमानिकासमोरचे कृत्रिम क्षितिज मात्र विमान उजवीकडे कललेलेच दाखवीत राहिले. ते सावरण्यासाठी वैमानिकाने विमान डावीकडे झुकवले आणि झुकवतच गेला. बाहेर काळोख, खाली काळा समुद्र. खऱ्या क्षितिजाची रेषा कोठेही नाही. ‘त्या यंत्रावर जाऊ नका’ अशा अर्थाचा उड्डाण अभियंत्याचा इशारा ध्वनिमुद्रकावर उमटला आहे, पण तोवर फार उशीर झाला होता. विमान १०८ अंशांपर्यंत डावीकडे कलंडले. कॉकपिटमधील इतर उपकरणांच्या आधारे त्याला सावरता आले असते, ते घडले नाही, असा चौकशीचा निष्कर्ष होता.

आजच्या प्रवासी विमानात अशा तबकड्या जवळजवळ दिसत नाहीत. त्यांची जागा रंगीत पडद्यांनी घेतली आहे. मग ‘सम्राट अशोक’सारखा अपघात आता अशक्य झाला आहे काय? या प्रश्नाचे उत्तर देण्यापूर्वी काटा काय सांगत असे आणि पडदा काय सांगतो, हे पाहणे आवश्यक आहे.

जुनी उपकरणे मुळात साधी. उंचीमापकात हवा काढून घेतलेली धातूची एक पातळ डबी असते. विमान वर गेले की बाहेरचा दाब कमी होतो, डबी फुगते आणि तिला जोडलेला काटा फिरतो. वेगमापकाला हवा मिळते ती विमानाबाहेर पुढे तोंड करून बसवलेल्या पिटॉट नळीतून. कृत्रिम क्षितिजाच्या पोटात वेगाने फिरणारा एक भोवरा असतो. विमान कसेही कलले तरी तो आपली दिशा सोडत नाही. २४ सप्टेंबर १९२९ रोजी अमेरिकेत जिमी डूलिटल यांनी कॉकपिटवर झाकण घालून, बाहेरचे काहीही न पाहता, केवळ अशा उपकरणांच्या भरवशावर विमान उडवून परत उतरवले होते. ढगात किंवा अंधारात मानवी शरीराचा तोल वैमानिकाला सर्रास फसवतो. कानाच्या आतील तोल सांभाळणारी यंत्रणा संथ वळण ओळखतच नाही. त्यामुळे यंत्रावर विश्वास ठेवा, शरीरावर नको, हा धडा वैमानिकांच्या पिढ्यांनी गिरवला. ‘सम्राट अशोक’च्या वैमानिकानेही एका परीने तेच केले, हा या घटनेतील दारुण भाग.

काट्यांची दुसरी अडचण वाचण्याची. जुन्या उंचीमापकावर शेकड्यांचा, हजारांचा आणि दहा हजारांचा असे तीन काटे असत. घाईगर्दीच्या क्षणी सर्वांत छोट्या काट्याकडे दुर्लक्ष झाले की हिशेब दहा हजार फुटांनी चुकायचा. ब्रिटनमध्ये १९५८ या एकाच वर्षी, एप्रिलमध्ये व्हायकाउंट आणि डिसेंबरमध्ये ब्रिटानिया, अशी दोन विमाने नेमक्या याच गफलतीने जमिनीवर आदळली. एव्हाना उपकरणांची गर्दीही वाढत होती. १९७० च्या दशकाच्या मध्यास सर्वसाधारण प्रवासी विमानात शंभराहून अधिक उपकरणे आणि नियंत्रणे असत. त्या तीन माणसांच्या कॉकपिटमध्ये एक जण प्रामुख्याने इंजिनांच्या काट्यांवर नजर ठेवण्यासाठीच बसे.

१९८० च्या दशकात बोईंग ७५७ आणि ७६७ तसेच एअरबस ए-३१० या विमानांतून पडदे आले. १९८८ मध्ये सेवेत आलेल्या ए-३२० विमानात सहा पडद्यांनी बहुतेक तबकड्यांची जागा घेतली. जम्बोच्या ७४७-४०० या आवृत्तीत दिवे, तबकड्या आणि बटणांची संख्या ९७१ वरून ३६५ वर आली. उड्डाण अभियंत्याची खुर्चीही त्याबरोबर गेली.

पडद्याचा मुख्य लाभ असा की, पूर्वी सहा तबकड्यांवरून फिरवावी लागणारी नजर आता एका चौकटीत स्थिरावते. मध्यभागी निळे आकाश आणि तपकिरी जमीन, डावीकडे वेगाची आणि उजवीकडे उंचीची उभी पट्टी, खाली दिशा. वेगाच्या पट्टीवर एक छोटा बाण असतो. आणखी दहा सेकंदांनी वेग किती असेल, हे तो आधीच दाखवतो. काट्याला हे जमत नव्हते. भोवऱ्याऐवजी आता लेझर किरणांनी विमानाचे फिरणे मोजले जाते. दोन्ही वैमानिकांना मिळणाऱ्या माहितीची संगणक सतत तुलना करतात. विमान किती कलले आहे याबाबत दोन बाजूंत तफावत पडली, तर पडद्यावर तशी सूचना येते. माहितीच अविश्वसनीय ठरली तर क्षितिज पडद्यावरून पुसले जाते आणि तेथे लाल अक्षरे उमटतात. खोटे दाखवण्यापेक्षा काहीच न दाखवणे बरे, हे पडद्यामागचे धोरण. त्या रात्री वांद्र्यासमोर याची नितांत गरज होती, यात शंका नाही.

मात्र पडद्यानेही आपल्या चुका सोबत आणल्या. २० जानेवारी १९९२ रोजी फ्रान्समध्ये स्ट्रासबूर्ग येथे उतरू पाहणारे एअर इंटरचे ए-३२० डोंगरावर आदळले आणि ९६ पैकी ८७ जण दगावले. त्या विमानात खाली उतरण्याचा कोन आणि उतरण्याचा वेग या दोन्ही गोष्टी एकाच खिडकीत, एकाच बटणाने भरल्या जात. वैमानिकांना ३.३ अंशांचा कोन हवा होता, म्हणजे मिनिटाला सुमारे ८०० फूट. यंत्रणा मात्र वेगाच्या पद्धतीवर होती आणि तिने ‘३३’ चा अर्थ मिनिटाला ३,३०० फूट असा लावला, असे चौकशीत सर्वाधिक संभाव्य मानले गेले. एका दशांश चिन्हाचा फरक! पुढे हा वेग पूर्ण चार आकड्यांत दाखवला जाऊ लागला.

त्याहून विचार करायला लावणारे उदाहरण १ जून २००९ चे. रिओ द जानेरोहून पॅरिसला निघालेल्या एअर फ्रान्सच्या ए-३३० विमानाच्या पिटॉट नळ्या अटलांटिकवर बर्फाच्या कणांनी तुंबल्या. वेगाची माहिती विसंगत झाली, ऑटोपायलट सुटला. नळ्या मिनिटभराच्या आत मोकळ्या झाल्या, क्षितिजही पडद्यावर बरोबर दिसत होते. पण गोंधळात वैमानिकाने विमानाचे नाक वर ओढून धरले आणि पंखांचा आधार तुटला. त्याचा इशारा वाजत होता. पुढे मोजलेला वेग ६० नॉटच्याही खाली गेला तेव्हा संगणकाने ती माहिती अग्राह्य ठरवली आणि इशारा थांबवला. नाक खाली करताच वेग वाढे, माहिती पुन्हा ग्राह्य ठरे आणि इशारा पुन्हा वाजे. म्हणजे योग्य कृती केली की धोक्याची घंटा आणि चुकीची केली की शांतता. २२८ जण मृत्युमुखी पडले. शंका येताच गप्प बसण्याचे जे धोरण मुंबईत उपयोगी पडले असते, तेच येथे घातक ठरले.

छोट्या विमानांचा अनुभवही बोलका आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने २००२ ते २००६ या काळात बनलेल्या ८ हजारांहून अधिक छोट्या विमानांचा अभ्यास करून २०१० मध्ये निष्कर्ष मांडले. पडदे असलेल्या विमानांचे एकूण अपघातांचे प्रमाण कमी, पण प्राणघातक अपघातांचे प्रमाण अधिक होते. अर्थात ही विमाने लांबच्या प्रवासाला आणि खराब हवामानातही अधिक वापरली जात, हेही त्याच अभ्यासात दिसले. तरीही पडद्यांमुळे सुरक्षितता वाढल्याचे सिद्ध झाले नाही, हे मंडळाने स्पष्ट सांगितले.

म्हणूनच सर्वांत आधुनिक प्रवासी विमानातही मुख्य पडद्यांपासून स्वतंत्र असे राखीव उपकरण ठेवलेले असते. पूर्वी ती काट्यांची तबकडी होती. आता तेथेही बहुधा छोटा पडदाच दिसतो, मात्र वीज पूर्ण गेली तरी तो बॅटरीवर चालतो. त्याच्या जोडीला, विजेशिवाय चालणारे साधे चुंबकीय होकायंत्र अजूनही आहे.

खरा प्रश्न प्रशिक्षणाचा आहे. जुन्या विमानात प्रशिक्षक एखाद्या तबकडीवर रबरी झाकण चिकटवी आणि विद्यार्थ्याला उरलेल्या उपकरणांवर विमान उडवायला लावी. पडद्याची प्रकाशमात्रा कमी करून तो पूर्ण काळा करता येतो. पण त्यावरील एकच आकडा चुकीचा येऊ लागला तर काय, याचा सराव हवेत देणे कठीण. अमेरिकी मंडळाने २०१० मध्ये हीच उणीव दाखवून, त्या त्या पडद्याच्या बिघाडांचा सराव जमिनीवर सिम्युलेटरमध्ये करून घेण्याची शिफारस केली होती.