गो-कार्ट बनवताय? आधी खडू घ्या!

कँटीनच्या टेबलावर तुमचंही ठरलंय का? ‘आपण स्वतःची गो-कार्ट बनवायची!’ चौघं जोशात, पाचवा व्हिडिओ शोधतोय आणि सहावा विचारतोय, ‘पण पैसे?’ मंडळी, त्या सहाव्याला टीममध्ये नक्की ठेवा. गो-कार्टचा जन्मच जुगाडातून झालाय. १९५६मध्ये कॅलिफोर्नियात रेसिंग कार बनवणाऱ्या आर्ट इंगल्स यांनी पहिली कार्ट उभी केली, ती गवत कापायच्या मशीनचं छोटं इंजिन बसवून!

तर पहिली खरेदी खडूची. वर्कशॉपच्या फरशीवर कार्ट पूर्ण मापात काढा. रेसिंग कार्टचा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या आणि मागच्या अॅक्सलमधलं अंतर, १०१ ते १०७ सेंटिमीटर असतं. तेच धरून चला. आता ग्रुपमधल्या सगळ्यात उंच मित्राला त्या रेघांत बसवा. गुडघा स्टिअरिंगला अडतोय? ब्रेकपर्यंत पाय पोचतोय? खडूची चूक फडक्याने पुसता येते, वेल्डिंगची चूक ग्राइंडरने कापावी लागते.

फ्रेमसाठी साधा एमएसचा, २ मिलिमीटर जाडीचा गोल पाइप पुरतो. चाकं, सीट, स्टिअरिंग व्हील जुन्या बाजारातून खुशाल आणा, पण पाइप नवाच घ्या. आतून गंजलेला पाइप बाहेरून कळत नाही. आणि नळाचा जीआय पाइप नकोच! त्यावर जस्ताचा थर असतो, वेल्डिंग करताना त्याचा धूर छातीत जातो आणि ताप भरतो.

सगळे जोड आधी नुसते टॅक मारा. मग फ्रेमचे दोन्ही कर्ण टेपने मोजा. दोन्ही सारखे आले, तरच फ्रेम काटकोनात आहे. पक्कं वेल्डिंग एका बाजूने सलग करू नका. डावीकडे थोडं, उजवीकडे थोडं. नाहीतर तापलेला पाइप ओढला जातो आणि फ्रेमला पीळ बसतो. आणखी एक मोह टाळा, तो म्हणजे जिथेतिथे आडवे पाइप जोडण्याचा. कार्टला सस्पेन्शन नसतं, फ्रेमच थोडी लवून ते काम करते.

आता खरी गंमत, स्टिअरिंग. वळताना आतलं चाक लहान वर्तुळात फिरतं, म्हणून ते बाहेरच्या चाकापेक्षा जास्त वळायला हवं. यालाच अॅकरमन म्हणतात. त्यासाठी सॉफ्टवेअर नको, सुतळी घ्या. प्रत्येक किंगपिनपासून मागच्या अॅक्सलच्या मध्यापर्यंत सुतळी ताणा. मागे जाणारा स्टिअरिंग आर्म त्या सुतळीच्या रेषेत बसवा. किंगपिनमध्ये ८० सेंटिमीटर अंतर आणि व्हीलबेस १०४ असेल, तर हा कोन साधारण २१ अंश येतो. झालं!

किंगपिनचं वरचं टोक १० ते १२ अंश मागे झुकवा. हा कास्टर. कार्टची मागची दोन्ही चाकं एकाच दांड्यावर, एकाच वेगाने फिरतात. कास्टरमुळे वळणावर आतल्या मागच्या चाकावरचा भार कमी होतो आणि कार्ट वळते. नाहीतर स्टिअरिंग फिरवाल, पण कार्ट सरळच जाईल. टाय रॉडच्या एका टोकाला सुलटे आणि दुसऱ्या टोकाला उलटे आटे ठेवा, म्हणजे रॉड नुसता फिरवून चाकांची अलाइनमेंट जुळवता येते.

आता त्या सहाव्या मित्राला एकच सांगा, रॉड एंड, बोल्ट आणि ब्रेक यांत काटकसर नाही. स्टिअरिंगच्या प्रत्येक बोल्टला नायलॉक नट हवा. साधा नट हादऱ्याने सैल होतो, आणि तो सुटला की हातात उरतं नुसतं चाक. इंजिन बसवण्याआधी मोकळ्या मैदानात मित्रांना कार्ट ढकलायला लावा. वळते का बघा. थांबते का, हे त्याआधी बघा.

चेन आणि अॅक्सलवर गार्ड, हाताशी किल स्विच आणि डोक्यावर हेल्मेट. लांब केस, ओढणी, स्कार्फ आत खोचल्याशिवाय कुणालाही बसू देऊ नका. फिरता अॅक्सल केस ओढतो, तेव्हा ब्रेक मारायलाही वेळ मिळत नाही. आणि ही कार्ट रस्त्यावर न्यायची नाही. कॉलेजचं ग्राउंड, तेही परवानगीने.

मग, खडू कोण आणतंय?