काच महागाची, फट मात्र उघडीच!

पुसदला मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा दुपारनंतर पश्चिमेच्या खिडकीपाशी बसवत नाही. साधी काच तिच्यावर पडणाऱ्या उन्हाची सुमारे ८० टक्के उष्णता आत सोडते. तापलेल्या भिंती रात्रीही धग देतात. झोप मोडते, वृद्धांना आणि तान्ह्या बाळांना त्रास होतो.

म्हणून काही जण उष्णतारोधक काच बसवतात. पण नव्या टायरमध्ये हवा कमी ठेवली, तर तो लवकर झिजतो. खिडकीचेही तसेच. चौकट आणि भिंतीमधली फट नीट बुजवली नाही, तर गरम हवा, धूळ आत येते. पावसाळ्यात ओल येऊन बुरशी धरते आणि दमेकऱ्यांचा त्रास वाढतो.

टायरसारखेच खिडकीचे रबरही उन्हाने कडक होऊन तडकते. दरवर्षी पावसाळ्यापूर्वी ते तपासावे. सरकत्या खिडकीच्या खाचेतील पाणी निघण्याची छिद्रे मोकळी करावीत. पश्चिमेचे ऊन तिरपे येते, छज्जा पुरत नाही. बाहेरून ताटी किंवा वाळ्याचा पडदा लावावा. कूलर सुरू असताना मात्र समोरची खिडकी थोडी उघडी हवी. नाहीतर दमटपणा साचतो आणि घाम वाळत नाही.