ब्रिजमधील बोली : किंमत, खूण की कथन?

मुरबाड तालुक्यातील म्हसा येथे पौष पौर्णिमेस भरणारी यात्रा बैलबाजाराकरिता प्रसिद्ध आहे. बैलबाजारांतून रुमालाखाली बोटे धरून भाव ठरविण्याची जुनी रीत आढळते. दोघांचा व्यवहार तिसऱ्यास कळू नये, हा तिचा हेतू. ब्रिजमध्येही ‘बोली’ हाच शब्द रूढ असल्यामुळे नवशिका तिला किंमत अथवा गुप्त खूण समजतो, आणि त्याच्या पुष्कळशा चुकांचे मूळ या समजुतीत असते. वस्तुतः ब्रिजमधील बोली हे जोडीदारास उद्देशून, परंतु सर्वांसमक्ष केलेले कथन होय. तिचा ठरलेला अर्थ प्रतिपक्षास विचारता येतो व तो सांगावाच लागतो.

शहापूर–मुरबाडकडील विद्यार्थ्यास मेंढीकोट बहुधा परिचित असतो. त्यातही समोरासमोर बसणारे जोडीदार, प्रत्येकी १३ पाने आणि हुकूम असतो. पण किती हात करावयाचे याचे वचन कोणी देत नाही. १९२५ साली हॅरोल्ड व्हँडरबिल्ट यांनी सिद्ध केलेल्या काँट्रॅक्ट ब्रिजमध्ये हे वचनच खेळाचा कणा आहे. अधिक हात झाले, तरी तितके बोलल्यावाचून मोठे बक्षीस मिळत नाही.

एका खेळाडूस येऊ शकणाऱ्या १३ पानांचे संच ६३,५०१ कोटी ३५ लक्ष ५९ हजार ६०० आहेत. उलट बोलीचा शब्दसंग्रह अवघ्या ३८ शब्दांचा : किलवर, चौकट, बदाम, इस्पिक व बिनहुकुमी यांच्या प्रत्येकी सात पायऱ्या, शिवाय पास, डबल आणि रिडबल. पुन्हा, एकदा ओलांडलेली पायरी परत मिळत नाही. म्हणून प्रत्येक शब्दास निश्चित मर्यादा असणे अगत्याचे ठरते.

त्याकरिता एक्क्यास ४, राजास ३, राणीस २ व गुलामास १ असे गुण धरतात. संपूर्ण जोडात ४० गुण असतात. बदाम किंवा इस्पिक हुकूम धरून १० हात करण्यास दोघांचे मिळून साधारणतः २५ ते २६ गुण लागतात. समजा, एकाने १३ गुण व पाच बदाम असताना ‘एक बदाम’ म्हटले. तीन बदाम व ७ गुण असलेला जोडीदार ‘दोन बदाम’ म्हणतो. या बोलीचा ठरलेला अर्थ ६ ते ९ गुण असा आहे. बेरीज २२ च्या वर जाऊ शकत नाही, हे जाणून पहिल्याने पास म्हणावे. येथे निर्णय धाडसाने नव्हे, तर बेरजेने होतो. ज्याने आपली मर्यादा सांगितली, त्याने पुढील निर्णय जोडीदारावर सोपवावा. चांगली पाने दिसली म्हणून तेच पुन्हा बोलणे म्हणजे एकाच गुणाची दोनदा मोजणी करणे होय.

बोली सुधारण्याचा उत्तम अभ्यास पत्ते न खेळताही होतो. दोघांनी वाटलेल्या पानांवर केवळ बोली करून ती लिहून ठेवावी. नंतर पाने उघडून, प्रत्येक बोलीने सांगितलेले खरे होते काय, हे पडताळावे. अंतिम यशावरून बोलीची परीक्षा करू नये, कारण चुकीची बोलीही दैवयोगाने साधते. जोडीदाराचा विश्वास मात्र दैवयोगाने टिकत नाही. तो खऱ्या कथनानेच टिकतो.