हवेचं माप

छंद म्हटलं की आपल्यापुढे रांगोळी, भरतकाम, फार तर जुनी नाणी येतात. माझा छंद जरा वेगळा आहे. मी मापं जमवते. सुरुवात सासूबाईंच्या शेर आणि मापट्यापासून झाली. मग माहेरची अधोली आली, कुणी चिपटं दिलं, कुणी कोळवं. दोन चिपट्यांचं मापटं, दोन मापट्यांचा शेर, दोन शेरांची अधोली, दोन अधोल्यांची पायली हा हिशेब आमच्या सासूबाईंना तोंडपाठ होता. १९५८ पासून किलो आणि लिटर आले आणि ही सगळी मंडळी हळूहळू माळ्यावर जाऊन बसली.

आमचं घर गलाईवाल्यांचं. विटा, खानापूर, आटपाडी या दुष्काळी भागातली माणसं सोनं-चांदी गाळायचं काम घेऊन देशभर पोचली, हे आपल्याकडे कुणाला सांगायला नको. त्यामुळे माझ्या संग्रहात सोनाराचा छोटा तराजू आहे, डबीभर गुंजा आहेत. आठ गुंजांचा मासा, बारा माशांचा तोळा. धान्याचं, दुधाचं, सोन्याचं माप झालं. हवेचं माप मात्र माझ्याकडे नव्हतं.

हवेचं माप म्हणजे बॅरोमीटर. शाळेच्या पुस्तकात त्याला वायुभारमापक म्हणत. हवा दिसत नाही, पण तिला वजन असतं. समुद्रकाठी एका चौरस सेंटिमीटरवर साधारण एक किलो! इटलीतल्या टॉरिचेलीने १६४३-४४ च्या सुमारास पाऱ्याने भरलेली नळी पाऱ्याच्या भांड्यात उलटी धरली, तेव्हा नळीतला पारा ७६ सेंटिमीटरवर येऊन थांबला. बाहेरच्या हवेनं त्याला तेवढाच तोलून धरला होता. पाण्याची नळी घेतली असती तर पाणी दहा मीटर, म्हणजे चौतीसेक फूट चढलं असतं. विहिरीवरची मोटर का खाली उतरवावी लागते, याचं उत्तर यातच आहे. काठावर बसवलेली मोटर पाणी ओढते म्हणतो आपण, पण खरं तर हवाच त्याला वर ढकलते, आणि हवेची ताकद तेवढीच!

आमच्या ह्यांचं गलाईचं काम बरीच वर्षं केरळात होतं. मी तिकडे गेले की कोचीच्या मट्टांचेरीतल्या ज्यू टाऊनमध्ये एक फेरी ठरलेली. जुन्या वस्तूंच्या दुकानांसाठी ती गल्ली प्रसिद्ध आहे. २०१६ साली तिथल्या एका दुकानात मला दोन बॅरोमीटर दिसले. एक उंच, लांबट लाकडी चौकटीचा, आत काचेची नळी आणि नळीत पारा. दुसरा साधारण ताटलीएवढा गोल, गडद लाकडाचा, पितळी कड्याचा, घड्याळासारखा. त्याच्या तबकडीवर २६ ते ३१ असे इंचांचे आकडे, आणि वर इंग्रजीत शब्द : स्टॉर्मी, रेन, चेंज, फेअर, व्हेरी ड्राय. म्हणजे वादळी, पाऊस, पालट, चांगली हवा, अगदी कोरडी.

दिसायला उंच बॅरोमीटरच देखणा होता. मी त्याच्याकडे बघतेय हे पाहून हे म्हणाले, "अगं, पारा आणि सोनं एका घरात नको." गलाईवाल्याला हे वेगळं शिकवावं लागत नाही. सोन्याला पारा लागला की सोनं पांढरं पडतं, ठिसूळ होतं. मंगळसूत्र, बांगड्या घालून वावरणाऱ्या आपण, घरात रांगतं मूल, आणि भिंतीवर पाऱ्यानं भरलेली काचेची नळी! ती फुटली तर पाऱ्याची वाफ श्वासातून आत जाते, ते वेगळंच. पाऱ्याचा वापर कमी करण्यासाठी मिनामाता करार २०१३ साली झाला आणि २०१७ पासून लागू झाला. पाऱ्याचे बॅरोमीटर बनवणं २०२० नंतर थांबवायचं, असं त्यात ठरलेलं आहे. विमानातही असा बॅरोमीटर सामानात नेऊ देत नाहीत. घरात पाऱ्याचा जुना थर्मामीटर असेल त्यांनीही हे लक्षात ठेवा. फुटला तर केरसुणी फिरवू नका. आधी अंगावरचे दागिने काढा, मुलांना बाहेर न्या, खिडक्या उघडा, जाड कागदानं पारा गोळा करून बाटलीत घट्ट बंद करा.

मी गोल बॅरोमीटर निवडला. यात पारा नसतो. आत पातळ पत्र्याची, हवा काढून घेतलेली डबी असते. हवेचा दाब वाढला की ती दबते, कमी झाला की फुगते, आणि ती हालचाल काट्यापर्यंत पोचते. फ्रान्सच्या ल्युसियाँ विडी यांनी १८४४ साली हा शोध लावला.

दुकानदारानं चौदा हजार सांगितले, नऊ हजारांवर सौदा ठरला. पैसे माझे होते, साड्यांना फॉल-पिको करून साठवलेले. हे एवढंच म्हणाले, "यात तीन ग्रॅम सोनं आलं असतं." आमच्याकडे सगळ्याची किंमत सोन्यातच होते. सोनं उद्या मोडता येतं, बॅरोमीटर कोण घेणार? त्यांचं म्हणणं खरंच होतं. त्या तीन ग्रॅमचे आज कितीतरी पट झाले असते. तरी मी घेतला. मोडायची वेळ येईल म्हणून घ्यायची वस्तू वेगळी, आणि आपल्याला हवी म्हणून घ्यायची वेगळी. बाईनं आपल्या कमाईतून आयुष्यात एखादी दुसऱ्या प्रकारची वस्तू घ्यायला हरकत नाही, असं मला वाटतं.

मात्र घ्यायची ती पारखून. कुणाला असा बॅरोमीटर घ्यायचा असेल तर मी काय पाहिलं ते सांगते. पारदर्शक प्लास्टिकच्या पिशवीत तो ठेवायचा, पिशवीचं तोंड घट्ट धरायचं आणि पिशवी हलकेच दाबायची. काटा वर सरकला तर आतली डबी शाबूत आहे. हललाच नाही तर ती नुसती शोभेची वस्तू समजून भाव करायचा. लाकडाला बारीक भोकं आणि खाली पिठासारखा भुगा दिसला तर कीड जिवंत आहे. पितळ नव्यासारखं चकचकीत असेल तर शंका घ्या. जुनं पितळ मंद दिसतं. पावती घ्याच. शंभर वर्षांहून जुन्या कलावस्तू आणि पुराणवस्तूंसाठी १९७२ चा कायदा आहे. त्यांचा व्यापार करायला परवाना लागतो आणि खासगी माणसाला त्या देशाबाहेर नेता येत नाहीत.

परतीच्या प्रवासात रेल्वेत तो माझ्या मांडीवर होता. कोचीत काटा २९.८ च्या आसपास होता. मडगावपर्यंत जागचा हलला नाही. गाडी कॅसलरॉकचा घाट चढू लागली तसा तो खाली खाली येऊ लागला. बेळगावात आणखी उतरला, मिरजेत थोडा चढला. विट्यात घरी आणून भिंतीला लावला तर काटा थेट 'स्टॉर्मी'च्याही खाली! बाहेर रणरणतं ऊन, आणि यंत्र म्हणतंय वादळ. ते बिघडलं नव्हतं. हजार फूट वर गेलं की दाब साधारण एक इंचानं घटतो आणि आपण पठारावर, दोन हजार फुटांच्या आसपास राहतो. तबकडीवरचे शब्द समुद्रकाठच्या गावांसाठी, तेही विलायतेतल्या हवेसाठी लिहिलेले. मागच्या बाजूला एक बारीक स्क्रू असतो, तो हळूहळू फिरवून काटा आपल्या गावाला लावून घ्यायचा. मोबाईलवर समुद्रसपाटीच्या हिशेबानं दाब मिलिबारमध्ये मिळतो, त्याला ३३.८६ ने भागलं की इंच येतात. प्रत्येक यंत्राचा स्क्रू एवढ्या उंचीला पुरतोच असं नाही, म्हणून घेतानाच विचारावं.

याच निमित्तानं मला अण्णा मणी यांची माहिती मिळाली. जन्म १९१८, केरळातल्या पीरमेडचा. लंडनला हवामानाच्या उपकरणांचं शिक्षण घेऊन त्या १९४८ साली पुण्याच्या हवामान खात्यात रुजू झाल्या. तेव्हा अशी उपकरणं बहुतेक परदेशातून येत. बाईंनी सुमारे शंभर उपकरणांचे आराखडे प्रमाणित केले आणि ती इथेच बनवायला लावली. पुढे खात्याच्या उपमहासंचालक होऊन १९७६ साली निवृत्त झाल्या. केरळातून निघून पुण्यात मापं नीट करणारी ही बाई आपल्या पाठ्यपुस्तकात का नव्हती, हा प्रश्न मला अजून पडतो.

आमच्या शेजारचे शेतकरी दादा सुरुवातीला रोज विचारायचे, "वैनी, तुमच्या घड्याळात पाऊस कधी दावतंय?" त्यांना खोटं सांगणं जिवावर यायचं. आपल्या भागात दाब रोज फारसा बदलत नाही, त्यामुळे हे यंत्र बघून पेरणी करता येत नाही. पण काट्याची एक सवय माझ्या नातीनं टिपली. तो सकाळी दहाच्या सुमारास वर असतो, दुपारी चारला खाली येतो, रात्री दहाला पुन्हा वर जातो. फरक इंचाच्या दहाव्या भागाएवढा. २०२० साली शाळा बंद होत्या, तेव्हा ती वहीत रोज आकडे लिहायची. त्या ऑक्टोबरात बंगालच्या उपसागरातलं कमी दाबाचं क्षेत्र आंध्र, तेलंगण ओलांडून सोलापूर-सांगलीकडे आलं. १४ तारखेला काटा चारच्या खुणेच्याही खाली गेला आणि रात्री दहाला पुरता वर आलाच नाही. पावसानं तर कहर केला होता. दादांनी दुसऱ्या दिवशी वही मागून घेतली आणि बराच वेळ बघत बसले. "म्हंजे रोजचं ठावं असलं तर येगळं कळतंय," एवढंच म्हणाले.

पुण्याचं राजा दिनकर केळकर संग्रहालय पाहिलं असेल तर आठवा, तिथे दिवे, अडकित्ते, भांडी अशा आपल्या-तुपल्या घरातल्याच वस्तू आहेत. कुणीतरी त्या मोडीत जाऊ दिल्या नाहीत म्हणून त्या उरल्या. या दिवाळीला माळा आवराल तेव्हा एखादी अधोली, एखादा तराजू हाताला लागेल. भंगारवाल्याला हाक मारण्याआधी घरातल्या मोठ्या माणसांना विचारा की यात काय मोजत होते, आणि ते एका कागदावर लिहून त्या वस्तूतच ठेवून द्या.