पाळी गेल्यावर पुन्हा रक्तस्राव? अंगावर काढू नका

भंडारा जिल्ह्यात धानाच्या रोवणीत बाईला दरदरून घाम सुटला, तर उकाड्याला दोष दिला जातो. वय 45च्या पुढे असेल तर कारण रजोनिवृत्तीही असू शकते. बीजांडकोशातील इस्ट्रोजेन घटते, एफएसएच वाढते. अंगात गरम वाफा येतात, झोप मोडते, हाडे ठिसूळ होऊ लागतात.

सलग 12 महिने पाळी आली नाही, की रजोनिवृत्ती झाली असे समजतात. 45 वर्षांनंतर त्यासाठी सहसा रक्ततपासणी लागत नाही. त्रास फार असेल तर डॉक्टर हार्मोनची औषधे देतात. स्तनाचा कर्करोग झालेल्यांना मात्र ती सहसा टाळतात.

वर्षभरानंतर पुन्हा रक्त दिसले, तर ‘पाळी परत आली’ असे समजू नका. गर्भाशयाच्या कर्करोगाची शंका तपासूनच दूर करावी लागते. रोवणी आटोपण्याची वाट पाहू नका.