जुहूचा करार व नगरसेवकाचे कर्तव्य

महानगरपालिकेची निवडणूक जवळ आली म्हणजे आश्वासनांना भरती येते व निकाल लागताच ओहोटी लागते, हा मुंबईकरांचा नित्याचा अनुभव आहे. जुहूच्या रहिवाशांनी २००७ साली या रहाटीस छेद दिला. त्यांच्या त्या प्रयोगाकडे आम्ही आज वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो.

त्या वर्षीच्या फेब्रुवारीत प्रभाग क्रमांक ६३ मधून अॅडॉल्फ डिसोझा हे गृहस्थ कोणत्याही पक्षाच्या तिकिटावाचून निवडून आले. स्थानिक नागरिकांच्या संघटनांनी त्यांस उभे केले होते आणि लोकांच्या सल्ल्याने कारभार करण्याचा लेखी करारही झाला होता. यात नवल ते काय? पेढीवर मुनीम ठेवताना व्यापारी त्याची कामे ठरवून देतो व वेळच्या वेळी वही तपासतो. मग ज्याच्या मतावर गावाच्या कराचा पैसा खर्च होतो, त्यास मात्र पाच वर्षे वही न दाखविण्याची मोकळीक का असावी?

जुहूस कशाची निकड आहे, हे २६ जुलै २००५ रोजी सर्वांनी पाहिले. सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. पावसाळी पाण्याच्या निचऱ्याची योजना १९९३ सालीच कागदावर तयार होती. तिच्यातील इर्ल्याचे पाणी उपसण्याचे केंद्र सुरू व्हावयास मात्र २०११ साल उजाडले. नाला तुंबला म्हणजे बंगलेवाला, कोळीवाड्यातील मच्छीमार व झोपडीतील मजूर यांचे हित एकच ठरते. म्हणून उमेदवाराच्या कार्यक्रमात नाल्याची सफाई, चालण्याजोगे पदपथ आणि वस्त्यांतील स्वच्छ शौचकूप यांस पहिले स्थान असले पाहिजे. कमानी, फलक व सुशोभीकरण यांची पाळी त्यानंतर.

कोणी म्हणेल की नगरसेवकाच्या हाती सत्ताच कोठे आहे? आक्षेप निराधार नाही. १८८८ च्या कायद्याने कारभाराची सूत्रे आयुक्ताच्या हाती दिली आणि आयुक्ताची नेमणूक सरकार करते. परंतु अंदाजपत्रकावर मत देणे, प्रश्न विचारणे व प्रभाग समितीत कामांचा पाठपुरावा करणे हे अधिकार थोडे नव्हेत. मार्च २०२२ मध्ये सभागृहाची मुदत संपली, ती जानेवारी २०२६ च्या मतदानापर्यंत सारा कारभार प्रशासकाकडे राहिला. त्या काळात रस्त्यावरील खड्ड्याबद्दल सभागृहात जाब विचारणारा लोकनियुक्त माणूसच नव्हता. नगरसेवकाची किंमत त्याच्या अभावी अधिक कळते.

तथापि एका सज्जनाच्या सौजन्यावर सारी भिस्त ठेवणे धोक्याचे आहे. माणूस बदलला की करारही विरतो. चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने १९९३ पासून मोठ्या शहरांत प्रभाग समित्या आल्या. पण मुंबईत अनेक प्रभागांची मिळून एक समिती असल्याने सामान्य करदात्यास ती दूरच वाटते. केरळाने प्रत्येक प्रभागास स्वतःची सभा किंवा समिती देण्याची तरतूद केली. महाराष्ट्रानेही २००९ साली मतदानकेंद्रांच्या आधारे क्षेत्रसभा भरविण्याचा कायदा केला, पण मुंबईत तो बहुतांशी पुस्तकातच राहिला. जुहूकरांनी जे स्वेच्छेने मिळविले, ते प्रत्येक मोहल्ल्यास हक्काने मिळावे, हीच आमची मागणी आहे.

कायदा जिवंत करणे सरकारचे काम असले तरी सभेस जाणे आपले काम आहे. दुकानाची फळी लावून तासभर सभेत बसण्यास ज्यास सवड नाही, त्याने तुंबलेल्या गटाराबद्दल कोणास दोष द्यावा? आपल्या प्रभागाच्या नगरसेवकास यंदा कोणते काम हाती घेतले, त्यास किती पैसा लागला व ते कधी पुरे होणार, हे तीन प्रश्न प्रत्येकाने लेखी विचारावे. उत्तर देण्याची सवय नगरसेवकास लावावयाची, तर आधी विचारण्याची सवय मतदाराने लावून घेतली पाहिजे.