अल ऐनमधली उमेदवारी

संयुक्त अरब अमिरातीत राष्ट्राध्यक्षाची निवडणूक होते, पण मतदार अवघे सात. अबुधाबी, दुबई, शारजा, अजमान, उम्म अल कुवैन, रास अल खैमा आणि फुजैरा यांच्या शासकांची सर्वोच्च परिषद आपल्यातूनच एकाला पाच वर्षांसाठी अध्यक्ष निवडते. तो अबुधाबीचाच असावा असं राज्यघटना म्हणत नाही. तरी १९७१ पासूनचे तिन्ही अध्यक्ष अबुधाबीचे शासक. त्यामुळे खरा निकाल परिषदेच्या बैठकीत लागत नाही. माणूस युवराज होतो त्याच दिवशी तो लागलेला असतो.

अध्यक्ष होण्याआधी कोण कुठल्या खुर्चीवर होतं याचा हिशेब अमेरिकेत हौसेने ठेवतात: १५ जण उपाध्यक्ष होते, १७ जण राज्यांचे गव्हर्नर, आणि डोनाल्ड ट्रम्प यांच्याकडे पहिल्यांदा निवडून येईपर्यंत कुठलंच सरकारी पद नव्हतं. आपल्याकडेही विलासराव देशमुखांचा विषय निघाला की बाभळगावचं सरपंचपद निघतंच. अमिरातीची यादी तीन नावांत आटोपते. पण त्यातलं पहिलं पद इतकं आडबाजूचं आहे की तिथे थांबावंच लागतं.

पहिले अध्यक्ष शेख जायद १९४६ साली, तिशीच्या आतच, अल ऐनला पूर्व विभागाचे शासकप्रतिनिधी झाले. थोरले बंधू शेख शखबूत अबुधाबीच्या गादीवर होते. समुद्रापासून दूर, ओमानच्या सीमेला लागून असलेला हा खजुरीच्या बागांचा मुलूख. तेल अजून सापडायचं होतं. व्यवहारात रुपया चाले. १९५९ पासून तर आपल्या रिझर्व्ह बँकेने आखातासाठी वेगळ्या नोटाच काढल्या. जायद यांचा मुक्काम अल मुवैजीच्या मातीच्या गढीत. ब्रिटिश प्रवासी विल्फ्रेड थेसिजर १९४८ मध्ये त्यांना तिथेच भेटला. या प्रतिनिधीचं काम म्हणजे टोळ्यांचे तंटे ऐकायचे आणि निवाडा द्यायचा.

तंट्यांच्या मुळाशी बहुतेक वेळा पाणी असे. डोंगराच्या पायथ्याचं भूजल जमिनीखालच्या बोगद्यातून, नुसत्या उतारावर, मैलोन् मैल बागांपर्यंत आणायचं, ठरावीक अंतरावर सफाईसाठी विहिरीसारखी भोकं ठेवायची, ही तिथली फलज पद्धत. मलिक अंबरची नहर ज्यांनी पाहिली आहे त्यांना ती परकी वाटणार नाही. पाणी पाळीने मिळे आणि पाळ्या विकत घेता येत, म्हणजे पैसेवाल्याची बाग हिरवी आणि गरिबाची सुकलेली. जायद यांनी बुजलेले फलज उपसायला घेतले, स्वतः खाली उतरले, अल सारूज हा नवा फलज खोदायला लावला आणि त्याचं पाणी विकायचं नाही असं ठरवलं. पाळ्यांवर जगणाऱ्या बड्या घरांना ते रुचलं नसणार. माझ्या मते या माणसाचं राजकीय शिक्षण झालं ते इथे. पुढे १९७१ मध्ये सहा शासकांना (रास अल खैमा १९७२ मध्ये आलं) एका झेंड्याखाली बसवताना हेच कसब कामी आलं.

६ ऑगस्ट १९६६ रोजी घराण्याने शखबूत यांना बाजूला करून जायद यांना गादीवर बसवलं. पंधरवडाही उलटला नव्हता तोच अल ऐनची जागा थोरल्या मुलाला, जेमतेम अठराव्या वर्षात असलेल्या खलिफांना, मिळाली. त्यांचा जन्मही त्या मुवैजीच्या गढीतलाच. खलिफा १९६९ मध्ये युवराज झाले ते तब्बल पस्तीस वर्षं युवराजच राहिले, मग दुसरे अध्यक्ष झाले. दरम्यान संरक्षण, अर्थ, तेल, गुंतवणूक अशी खाती हाताखालून गेली. सगळ्यांत दिसणारं काम मात्र घरांचं. १९८१ मध्ये सुरू झालेल्या, लोक 'खलिफा समिती' म्हणत त्या खात्याने नागरिकांना इमारती बांधायला कर्जं दिली. अबुधाबीतल्या हमदान स्ट्रीट, इलेक्ट्रा स्ट्रीटच्या परिसरात ज्या मराठी कुटुंबांनी भाड्याने संसार थाटले, त्यांच्या घरमालकांपैकी बरेच जण या कर्जावर मालक झालेले.

तिसरे अध्यक्ष, खलिफांचे भाऊ शेख मोहम्मद यांच्या वाट्याला अल ऐन आलं नाही. त्यांची वाट लष्करातून गेली: १९७९ मध्ये सँडहर्स्ट, मग वैमानिक, हवाई दलप्रमुख, १९९३ मध्ये सैन्यदलांचे प्रमुख. २००३ मध्ये जायद यांनी त्यांना उपयुवराज नेमलं, म्हणजे खलिफांनंतर कोण हेही वडिलांनी हयातीतच ठरवून टाकलं. २०१४ मध्ये खलिफांना पक्षाघात झाला, आणि पुढची आठ वर्षं कारभार प्रत्यक्षात तोवर युवराज झालेल्या मोहम्मद यांनीच पाहिला. २०१७ च्या प्रजासत्ताक दिनाला दिल्लीने त्यांना प्रमुख पाहुणे म्हणून बोलावलं तेव्हा ते राष्ट्रप्रमुख नव्हते. दिल्लीला मात्र सत्ता कुठे आहे ते पक्कं ठाऊक होतं. १३ मे २०२२ रोजी खलिफा वारले आणि दुसऱ्याच दिवशी परिषदेने मोहम्मद यांना निवडलं.

अनुभवाच्या बाबतीत या तिघांना नावं ठेवायला जागा नाही. फक्त, कुठल्याच पायरीवर त्यांना मत मागावं लागलं नाही आणि कुठल्याच पायरीवर लोकांना त्यांना नाकारता आलं नसतं. संघराज्याच्या राष्ट्रीय परिषदेतल्या ४० पैकी २० जागांसाठी २००६ पासून मर्यादित मतदान होतं, पण तिचं काम सल्ल्यापुरतं.

मार्च २०२३ मध्ये मोहम्मद यांनी अबुधाबीचं युवराजपद थोरले चिरंजीव खालेद यांना दिलं. त्याच दिवशी भाऊ मन्सूर देशाचे उपाध्यक्ष झाले. दुबईचे शासक उपाध्यक्षपदावर होतेच, आता त्यांच्या जोडीला हे दुसरे. या वेळी गादी भावाकडे जाईल अशी अटकळ बरीच वर्षं चालली होती. ती त्या दिवशी थांबली.